पातळी

(लुले नदी, उत्तर स्वीडन)

सकाळी सात वाजता मी पट्टीपाशी जाते,
बाबा जायचे त्याच वाटेनं,
त्यांच्याच विरलेल्या कानटोपीत.
लोखंडी पट्टी, तिच्यावर सेंटिमीटर,
खाली पाणी.
एवढंच काम.

बाबांच्या जुन्या वह्यांत वर्ष म्हणजे
एक लांबलचक झोपलेली रेघ,
नोव्हेंबर ते मे, बर्फाखाली,
कूससुद्धा न बदलता.
आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात
ती ताडकन उठून बसायची.
डोंगरावर साचलेलं सगळं आठवड्याभरात खाली यायचं:
ओंडके, रेनडियरची शिंगं,
एकदा कुणाचं तरी अख्खं न्हाणीघर.
बाबांनी समासात लिहिलंय:
‘दाराला बाहेरून कडी होती. आत कोणी नव्हतं.’

माझ्या वहीत करवतीचे दात.
सकाळी सहाला नदी चढते,
रात्री अकराला उतरते,
आणि रविवारी ती जवळजवळ नसतेच.
उघड्या पडलेल्या गोट्यांमध्ये
माशांची अंडी दिसतात,
नारिंगी, भिजल्या साबुदाण्याएवढी,
सोमवारची वाट पाहत सुकणारी.
नदीला आठवड्याची सुट्टी असते
हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

उन्हाळ्याचं पाणी धरणं पोटात घालतात,
एखाद्याचा अपराध पोटात घालावा तसं,
आणि हिवाळ्यात बाहेर काढतात,
दक्षिणेतल्या लाखो घरांना ऊब हवी असते तेव्हा.
म्हणजे जून आता जानेवारीत येतो,
अंधारात,
एकही ओंडका न आणता.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
मी मूळ नाही विचारत.
वेळ विचारते.

कारण फेब्रुवारीत नीलासचा म्होरक्या गेला.
वरून बर्फ शाबूत,
खालून पाणी उतरून गेलेलं,
मधे हातभर पोकळी.
मागचे चौदा रेनडियर जागच्या जागी थांबले.
गळ्यातली घंटा वाजत खाली गेली
आणि नीलास म्हणतो,
खाली गेल्यावरही थोडा वेळ वाजली.
ओलांडायच्या जागा त्याला आजोबांनी शिकवल्या होत्या,
नावानिशी.
नावं अजून बरोबर आहेत.
बर्फ खोटं बोलायला शिकला.

तो माझ्या स्वयंपाकघरात बसला,
टोपी मांडीवर घेऊन.
‘वेळापत्रक मिळव,’ म्हणाला. ‘बसचं असतं तसं.’
मी नियंत्रण कक्षाला फोन लावला.
पलीकडे एक कोवळा, अदबशीर आवाज.
वेळापत्रक असं नसतं हो, तो म्हणाला,
भाव चढला की आम्ही दारं उघडतो,
उद्याचा भाव आज दुपारी कळेल.
त्यानं रेनडियरबद्दल वाईट वाटल्याचंही सांगितलं.
खरंच वाटलं असावं.

मी फोन ठेवला.
नीलाससाठी कॉफी ठेवली.
विजेची शेगडी हळूहळू लाल झाली.
खिडकीबाहेर पट्टीवर तेवढ्यात
पाणी केसभर चढलं असेल.
मी पाहिलं नाही.

मग जुलैत वरच्या वीजघरात बिघाड झाला
आणि दोन रात्री पाणी जुन्या पात्रात सोडावं लागलं.
शाळेत जायच्या आधीपासून ज्याला मी
फक्त एक काळा कातळ म्हणून ओळखत होते,
तो धबधबा बोलला.
कपाटातल्या बशा किणकिणल्या.
नीलासची आई, ब्याऐंशी वर्षांची,
मध्यरात्रीच्या उन्हात अनवाणी अंगणात आली,
हाताचा पंजा कानामागे धरून म्हणाली:
‘कोण आलंय?’
कुणीच उत्तर दिलं नाही.
ती तिथंच बसून राहिली, डास झटकत.

तिसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली.

मी सात वाजता गेले, पातळी लिहिली.
तिच्या बाजूला लिहावं असं काही होतं,
पण कंपनीनं दिलेल्या नव्या वहीला
समासच नाही.